माल्टातील हॉटेलांविषयीचे प्रवाशांचे अभिप्राय कसे वाचावेत

नागपुरातून युरोपला जाणारी बहुतेक कुटुंबे आजवर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम या ठरलेल्या वाटेने जात आली आहेत. अलीकडे मात्र भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर सात-आठ दिवस निवांत राहून यावे, असा विचार धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंतच्या अनेक घरांत होऊ लागला आहे आणि त्यात माल्टाचे नाव वारंवार येते. गटासोबत जाणाऱ्यांना हॉटेल निवडावे लागत नाही. ते काम सहल कंपनी करते. स्वतः नियोजन करणाऱ्यांपुढे मात्र शेकडो हॉटेले आणि प्रत्येकाखाली हजारो अनोळखी माणसांचे अभिप्राय असा डोंगर उभा राहतो. हा डोंगर योग्य रीतीने चढता आला, तर त्यासारखा मार्गदर्शक नाही. केवळ तारे मोजून निर्णय घेतला, तर मात्र चांगल्या हॉटेलातही आपले आई-वडील अवघडून जाण्याची आणि मुले कंटाळण्याची शक्यता असते.

या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. अभिप्राय लिहिणाऱ्याने काय पाहिले ते घ्यावे, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र बाजूला ठेवावा. मँचेस्टरहून आलेल्या जोडप्याने खोलीत किटली होती, लिफ्ट लहान होती आणि किनारा खडकाळ होता असे लिहिले असेल, तर ती तिन्ही निरीक्षणे आपल्या कामाची आहेत. त्यांनी दिलेले दहापैकी नऊ गुण मात्र त्यांच्या घराचे, त्यांच्या हवामानाचे आणि त्यांच्या जेवणाचे गुण आहेत. आपल्या घराचे गुण आपल्यालाच द्यावे लागतात.

माल्टातील अभिप्रायांचा मोठा भाग इंग्रजीत असतो, त्यामागे इतिहास आहे. हा देश 1964 पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होता, माल्टी भाषेच्या बरोबरीने इंग्रजी ही तेथील अधिकृत भाषा आहे, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि ब्रिटिश पर्यटक पिढ्यानपिढ्या तेथे येत आले आहेत. देशाचे क्षेत्रफळ अवघे 316 चौरस किलोमीटर असून मुख्य बेटाची लांबी साधारण 27 किलोमीटर आहे. म्हणजे नागपूरहून रामटेकला जाण्यापेक्षा कितीतरी कमी अंतरात बेट संपते. त्यामुळे ‘हे हॉटेल सगळ्यापासून दूर आहे’ असे कोणी लिहिले असेल, तर ते दूर असणे किलोमीटरमध्ये मोजावे. बसला लागणारा वेळ मात्र वेगळा पाहावा, कारण रस्ते अरुंद आहेत आणि उन्हाळ्यात गर्दी पुष्कळ असते. भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे गेली, अशा तक्रारी विशेष लक्ष देऊन वाचाव्यात.

आधी महिना, मग गुण

अभिप्रायात सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे मुक्कामाचा महिना. बहुतेक संकेतस्थळांवर तो नोंदलेला असतो आणि अनेक ठिकाणी महिन्यानुसार अभिप्राय गाळून घेण्याची सोयही असते. माल्टाविषयी सर्वाधिक लिखाण जुलै आणि ऑगस्टमधील मुक्कामांबद्दल असते, कारण युरोपातील शाळांना तेव्हा सुट्टी असते. आपल्याकडच्या शाळांचे वेळापत्रक त्याच्याशी जुळत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून नागपूरच्या कुटुंबांकडे मे-जूनची मोठी सुट्टी आणि दिवाळीची छोटी सुट्टी, अशा दोनच खिडक्या असतात. ऑगस्टमधील अभिप्रायांवरून मे महिन्याचे बुकिंग करणे म्हणजे दुसऱ्याच ऋतूची माहिती घेऊन निघणे होय.

दोन्ही खिडक्यांत समुद्राचे गणित उलटे आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मे महिन्यात माल्टातील हवा सुखद असते, दुपारचे तापमान साधारण 24 अंशांच्या आसपास राहते आणि नागपुरात 45 अंशांनी होरपळलेल्या माणसाला ते फारच सुखाचे वाटते. समुद्र मात्र तेव्हा हिवाळ्यातून नुकताच बाहेर पडत असतो आणि त्याचे पाणी 19 ते 20 अंशांच्या जवळपास असते. ब्रिटिश प्रवासी त्याला ‘ताजेतवाने करणारे’ म्हणतात, पण आपल्या मुलांना त्यात दहा मिनिटे काढणे कठीण जाईल. पाणी हवेपेक्षा हळू तापते आणि हळूच निवते. म्हणूनच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हवा उतरणीला लागली असली, तरी समुद्र 23 अंशांच्या घरात असतो. ज्यांना प्रामुख्याने समुद्रात खेळायचे आहे, त्यांच्यासाठी दिवाळीची सुट्टी मे महिन्यापेक्षा उजवी आहे. मात्र बेटावरचा पाऊस सप्टेंबरपासून मार्चपर्यंत पडतो, त्यामुळे त्या काळात एखादे जोरदार वादळ येऊन दोन दिवस खोलीत काढावे लागू शकतात. शिवाय काही रिसॉर्टमधील तलावाजवळचे खानपान ऑक्टोबरअखेर बंद होते. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधील अभिप्राय काढून ‘बंद होते’ हे शब्द शोधावेत.

उन्हाळ्याविषयीही एक सावधगिरी बाळगावी. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील दुपारचे सरासरी तापमान 32 अंशांच्या आसपास असते, हा आकडा वाचून नागपूरकर निर्धास्त होतो. आपला उन्हाळा कोरडा आहे, घाम लगेच वाळतो आणि कूलर चालतो. माल्टातील उन्हाळा मात्र दमट असतो आणि सहाराच्या बाजूने येणारे सिरोको वारे सुटले, की रात्रीदेखील अंग चिकचिकत राहते. तेथे एसीशिवाय झोप लागत नाही. म्हणूनच ‘एसी मध्यवर्ती होता, खोलीतून कमी-जास्त करता येत नव्हता’ किंवा ‘जून उजाडेपर्यंत एसी सुरूच केला नव्हता’ अशा वाक्यांखाली आपण रेघ मारावी.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर माल्टातील जुनी बांधकामे पिवळसर चुनखडीच्या दगडाची आहेत आणि हा दगड ओल धरतो. डिसेंबर-जानेवारीत बाहेर 15-16 अंश असूनही खोलीत गारठा वाटतो, अंथरूण ओलसर लागते, अशा तक्रारी जुन्या इमारतींविषयी आढळतात. संधिवात असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाताना तेवढ्या दोन महिन्यांतले अभिप्राय अवश्य वाचावेत.

एक अभिप्राय जवळून वाचू

समजा, आपल्यासमोर असा एक अभिप्राय आहे. तो समजावून सांगण्यासाठी येथेच रचला आहे, पण असे अभिप्राय शेकड्यांनी आढळतात. ‘जूनच्या मध्यात, जोडपे, 7 रात्री. खोली लहान पण स्वच्छ. समुद्र बाल्कनीतून मान वळवली तरच दिसतो. नाश्ता रोज तोच. जवळच्या खाडीत काळपट गवताचे ढीग साचले होते. तलावाचे पाणी गार. एके दिवशी सकाळी आठला तोफा डागल्यासारखे आवाज. निघताना वेगळा कर मागितला. कर्मचारी अतिशय प्रेमळ. पाचपैकी तीन.’

तीन गुण पाहून आपण पुढच्या हॉटेलकडे वळलो असतो. आता एकेक वाक्य हाती घेऊ.

‘खोली लहान’ या शब्दांना एकट्याने अर्थ नसतो. जोडप्याला लहान वाटलेली खोली चौघांसाठी अशक्य असते, पण अमेरिकी प्रवाशाला लहान वाटलेली खोली आपल्याला पुरेशी वाटू शकते. म्हणून अभिप्राय सोडून हॉटेलच्या पानावर चौरस मीटरमधील आकडा पाहावा. 18 चौरस मीटर म्हणजे सुमारे 194 चौरस फूट, तेही बहुधा बाथरूम धरून. दहा बाय बाराची झोपायची खोली आणि तिला जोडलेली मोरी, असे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर त्यात दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवता येतील की नाही हे लगेच कळते. तिसऱ्या माणसासाठी दिली जाणारी खाट बहुधा सोफ्याची असते. तिच्यावर कोण झोपला होता, लहान मूल की प्रौढ, हे अभिप्रायांत शोधावे.

मान वळवून दिसणारा समुद्र ही फसवणूक नव्हे. बुकिंगच्या पानावर खोलीच्या नावातच ‘साइड सी व्ह्यू’ असे लिहिलेले असते. स्लीमा आणि सेंट ज्युलियन्स येथे इमारती दाटीवाटीने उभ्या असल्यामुळे खालच्या मजल्यावरून समोरची भिंतच दिसते. खिडकीबाहेरचा समुद्र आपल्याला किती मोलाचा आहे, हे घरात आधीच ठरवावे. दिवसभर बाहेर हिंडणाऱ्यांनी त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. ज्या आजी-आजोबांना दुपारभर खोलीत बसायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र द्यावेत, कारण त्यांच्या सहलीचा अर्धा आनंद त्या बाल्कनीतच असतो.

काळपट गवताचे ढीग म्हणजे घाण नव्हे, यावर मला जरा अधिक सांगावेसे वाटते. ते पॉसिडोनिया नावाचे समुद्री गवत असते. भूमध्य समुद्राच्या तळाशी त्याची कुरणे आहेत, माशांची पिल्ले त्यांत वाढतात आणि वादळानंतर तुटलेली पाती किनाऱ्यावर येऊन साचतात. हे थर लाटांपासून वाळूचे रक्षणही करतात. वास येतो, पाय रुततात, हे खरे आहे, पण त्यावरून हॉटेल अस्वच्छ ठरवणे अन्यायाचे आहे. मोठे किनारे हंगामापूर्वी साफ केले जातात, लहान खाड्या बहुधा मागे राहतात. तेव्हा या वाक्यातून आपल्याला एवढेच घ्यायचे आहे, की या हॉटेलाजवळची खाडी लहान आहे आणि मुलांना वाळूत खेळायचे असेल, तर बसने मोठ्या किनाऱ्यावर जावे लागेल.

गार पाण्याचा तलाव म्हणजे न तापवलेला तलाव. जूनच्या मध्यातही तो गार असेल, तर बहुधा इमारतीची सावली त्यावर पडत असावी. मे महिन्यात तो आणखी गार असणार. तलावाची छायाचित्रे कोणत्या वेळी काढली आहेत आणि त्यांत सावल्या कोणीकडे पडल्या आहेत, हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो.

सकाळचे तोफांसारखे आवाज हे गावच्या फेस्टाचे असतात. माल्टात बहुतेक प्रत्येक गावाचा संत ठरलेला आहे. उन्हाळ्यात त्याचा उत्सव होतो, रस्ते पताकांनी सजतात, बँडच्या मिरवणुका निघतात आणि दिवसाढवळ्या मोठ्या आवाजाचे बार उडवले जातात. 15 ऑगस्टचा सांता मारिया आणि 8 सप्टेंबरचा मेलीहाचा उत्सव हे त्यांतले मोठे. शांततेसाठी आलेल्या जोडप्याला तो उपद्रव वाटला. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र तो सहलीतला सर्वांत आवडता दिवस वाटू शकेल. याउलट ‘शेजारी बांधकाम सुरू आहे, सकाळपासून ड्रिल चालते’ हे वाक्य आढळले, तर ते गांभीर्याने घ्यावे, कारण उत्सव दोन दिवसांत संपतो आणि इमारत दोन वर्षे चालते. बेटावर बांधकाम सतत सुरू असते. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांतल्या अभिप्रायांत ‘क्रेन’ आणि ‘ड्रिल’ हे शब्द आवर्जून शोधावेत.

वेगळा मागितलेला कर हा सरकारी असतो. 2016 पासून माल्टात प्रत्येक प्रौढ पाहुण्याकडून रात्रीच्या हिशेबाने पर्यावरण शुल्क घेतले जाते आणि ते बहुधा हॉटेलातच भरावे लागते. त्याचा राग हॉटेलच्या गुणांवर काढला जातो. आपण ती रक्कम आधीच विचारून ठेवावी आणि ते वाक्य सोडून द्यावे.

राहता राहिले प्रेमळ कर्मचारी. ज्याने इतक्या गोष्टींची कुरकूर केली, त्याने कर्मचाऱ्यांबद्दल मात्र मनापासून चांगले लिहिले, म्हणजे ते बहुधा खरेच चांगले असावेत. नाराज माणसाने केलेली स्तुती आणि खूश माणसाने केलेली तक्रार, या दोहोंवर मी सर्वाधिक विश्वास ठेवतो. सगळे मिळून पाहता, तीन गुणांचे हे हॉटेल मोठ्या मुलांसह ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्या आणि दिवसभर फिरणाऱ्या कुटुंबाला दोन खोल्या घेऊन छान चालेल.

कोणत्या भागाविषयी काय वाचावे

जागेनुसार अभिप्रायांचा रोख बदलतो. स्लीमा आणि सेंट ज्युलियन्स हे भाग सोयीचे आहेत. दुकाने, उपाहारगृहे आणि बस जवळ असून स्लीमाहून राजधानी व्हॅलेटाला समोरासमोर फेरीबोट जाते. तेथील किनारा मात्र बहुतांशी खडकाचा असून शिडीने पाण्यात उतरावे लागते, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांना तो उपयोगाचा नाही. सेंट ज्युलियन्सला लागून असलेला पाचेविल हा रात्रीच्या क्लबांचा भाग आहे. विशीतल्या मुलांनी ‘जागा झकास’ असे लिहिलेले हॉटेल तेथेच असेल, तर लहान मुलांच्या कुटुंबाने ते टाळावे.

उत्तरेकडील बुजिब्बा आणि आउरा येथे दर तुलनेने कमी असतात, तसेच मोठी हॉटेले आणि भरपूर सपाट फिरायची जागाही मिळते. मेलीहा त्याहून पुढे आहे. खरी वाळू हवी असेल, तर तेथील घाडिरा हा लांबलचक, उथळ पाण्याचा किनारा लहान मुलांसाठी उत्तम आहे. मात्र मेलीहा गाव टेकडीवर आणि किनारा खाली आहे. ‘किनारा चालत जाण्याजोगा’ असे कोणी लिहिले असेल, तर परतीचा चढ त्याच्या वयाने कसा चढला हे तपासावे. पश्चिमेकडील गोल्डन बेचा किनाराही वाळूचा आहे आणि तेथे सूर्यास्त सुंदर दिसतो.

व्हॅलेटा हे शहर 1980 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथील जुन्या हवेल्यांतली छोटी हॉटेले फार देखणी असतात, पण रस्त्यांना पायऱ्या आहेत आणि गाडी दारापर्यंत येईलच असे नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी ‘देखणे’ या शब्दापेक्षा ‘पायऱ्या’ हा शब्द जास्त वेळा कोठे आला आहे, ते मोजावे.

गोझो या शेजारच्या बेटावर चिरकेवा बंदरातून फेरीने सुमारे 25 मिनिटांत जाता येते. मला नागपूरच्या एकत्र कुटुंबांसाठी हा पर्याय फार चांगला वाटतो. तेथे जुनी शेतघरे दुरुस्त करून भाड्याने देतात. त्यांत तीन-चार झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि बहुधा स्वतःचा छोटा तलाव असतो. दोन भावांची कुटुंबे आणि आई-वडील मिळून राहणार असतील, तर चार हॉटेल खोल्यांच्या मानाने हे स्वस्तही पडू शकते. अशा घरांच्या अभिप्रायांत मालक किती लवकर दाद देतो, स्वयंपाकघरात भांडी किती आहेत आणि गाडीशिवाय भागते का, हे तीन मुद्दे शोधावेत.

अभिप्राय किती जुना आहे, हे ओळखण्याची एक खूणही गोझोमध्येच आहे. समुद्रातील दगडी कमान असलेली अझूर विंडो 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. ज्या लिखाणात हॉटेलपासून ती कमान पाहायला जाण्याचा सल्ला दिलेला असेल, ते लिखाण त्यापूर्वीचे आहे. त्यातील खोल्या, मालक आणि जेवण यांविषयीचे वर्णनही तेवढेच जुने समजावे.

जेवण, विशेषतः शाकाहारी जेवण

जेवणाविषयीचे सरासरी गुण आपल्यासाठी जवळपास निरुपयोगी आहेत. युरोपीय पाहुणा मांसाचे आणि माशांचे प्रकार मोजतो. ससा हे माल्टाचे प्रसिद्ध मांस आहे, त्यावर पानेच्या पाने लिहिलेली आढळतात. शाकाहारी कुटुंबाने अभिप्रायांत ‘व्हेजिटेरियन’, ‘व्हीगन’ आणि ‘इंडियन’ हे शब्द टाकून शोध घ्यावा आणि आलेली वाक्ये नीट वाचावीत. ‘शाकाहारी पर्याय होते’ एवढ्यावर समाधान मानू नये. सलाड, उकडलेल्या भाज्या आणि पास्ता हेच सातही दिवस मिळाले, असे त्याचा तपशील वाचल्यावर कळते. पहिल्या दिवशी ते चालते; चौथ्या दिवशी घरातले कोणी तरी तर्री-पोह्यांची आठवण काढतेच.

म्हणून हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून असलेला दर, किंवा ऑल इनक्लुसिव्ह, म्हणजे सगळे खाणे-पिणे धरून असलेला दर शाकाहारी माणसाने विचारपूर्वकच घ्यावा. केवळ नाश्त्याचा दर घेऊन बाहेर जेवणे अनेकदा अधिक समाधानाचे ठरते, कारण माल्टात आता भारतीय कामगारांची संख्या मोठी असल्याने भारतीय उपाहारगृहे आणि किराणा दुकाने सापडतात. रस्त्यावर मिळणारी पास्तिझी, म्हणजे वाटाण्याचे किंवा रिकोटा चीजचे सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, स्वस्त आणि चविष्ट असते, पण पारंपरिक पद्धतीत तिच्या पिठात प्राण्यांची चरबी वापरतात, तेव्हा विचारून घ्यावे. जैन कुटुंबांनी तर सरळ स्वयंपाकघर असलेली जागा पाहावी.

नळाच्या पाण्याविषयी अनेक जण नाराजीने लिहितात. बेटावर नद्या नाहीत, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवला जातो. ते सुरक्षित असते, पण चव वेगळी लागते आणि बहुतेक जण बाटलीचे पाणी घेतात. हा दोष कोणत्याही एका हॉटेलचा नाही.

ज्येष्ठांसाठी आणि सामानासाठी

सत्तरीच्या आई-वडिलांना नेत असाल, तर बाथरूमची छायाचित्रे सर्वांत आधी पाहावीत, आणि तीही हॉटेलने टाकलेली नव्हे, तर पाहुण्यांनी काढलेली. अनेक जुन्या हॉटेलांत आंघोळीसाठी टबमध्ये उभे राहावे लागते. त्याची कड ओलांडताना पाय घसरण्याची भीती असते आणि बादली-मग तर मिळतच नाही. ‘वॉक-इन शॉवर’ असे स्पष्ट लिहिलेली खोली मागावी. लिफ्टविषयी ‘दोनच लिफ्ट, सकाळी रांग’ अशी वाक्ये दिसली, तर खालच्या मजल्यावरची खोली मागून ठेवावी.

प्लगची पद्धत ब्रिटिश, म्हणजे चपट्या तीन पिनांची आहे. आपले गोल पिनांचे चार्जर तेथे बसत नाहीत. हे कोणत्याही अभिप्रायात ठळकपणे सापडत नाही, कारण ब्रिटिश पाहुण्याला ती अडचणच येत नाही. तो ज्याविषयी गप्प असतो, अशा गोष्टी आपल्या यादीत असल्या पाहिजेत.

खोटे अभिप्राय आणि गुणांची सरासरी

पैसे घेऊन लिहिलेले अभिप्राय अस्तित्वात आहेत, म्हणूनच कायदेही झाले. युरोपीय संघात 28 मे 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार खोटे अभिप्राय देणे किंवा लिहवून घेणे निषिद्ध आहे, आणि अभिप्राय दाखवणाऱ्या व्यावसायिकाने ते खऱ्या ग्राहकांचेच आहेत का हे कसे तपासले जाते, ते सांगावे लागते. भारतातही भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचे मानक जाहीर केले. तरीही चाळणी आपल्याच हाती ठेवावी. ज्या संकेतस्थळावर बुकिंग करून राहिलेल्यालाच लिहिता येते, त्याला जास्त वजन द्यावे. एकाच आठवड्यात आलेली, विशेषणांनी भरलेली आणि एकही तपशील नसलेली पाच ताऱ्यांची रांग दिसली, तर ती वगळावी. एका ताऱ्याचे अभिप्रायही बहुधा परताव्याच्या एखाद्या भांडणातून आलेले असतात. सर्वाधिक माहिती तीन आणि चार ताऱ्यांच्या अभिप्रायांत असते, कारण तेथे माणूस रागावलेला नसतो आणि भारावलेलाही नसतो.

व्यवस्थापकाची उत्तरे वाचायला विसरू नये. प्रत्येकाखाली तेच छापील आभार असतील, तर त्यांना अर्थ नाही. पण ‘तिसऱ्या मजल्यावरील एसी मार्चमध्ये बदलले आहेत’ असे नेमके उत्तर असेल, तर त्या हॉटेलात तक्रार ऐकली जाते असे समजावे.

बुकिंगपूर्वीचे पत्र

अभिप्राय वाचून दोन-तीन हॉटेले निवडली, की पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकाला एक छोटे ईमेल करावे. त्यात सर्वसाधारण प्रश्न विचारू नयेत. आपण कोणत्या तारखांना येणार, कोणत्या वयाची किती माणसे, हे लिहून त्या तारखांना तलाव तापवलेला असेल का, एसी खोलीतून कमी-जास्त करता येतो का, शेजारी बांधकाम सुरू आहे का, रात्रीच्या जेवणात अंडी आणि मांसाशिवाय कोणते शिजवलेले पदार्थ असतात आणि टबाऐवजी शॉवर असलेली खोली मिळेल का, एवढे पाच प्रश्न पुरेत. चोवीस तासांत प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर देणारे हॉटेल आणि माहितीपत्रक जोडून मोकळे होणारे हॉटेल, यांतला फरक कोणत्याही गुणांपेक्षा अधिक बोलका असतो.

बुकिंग करताना रद्द केल्यास पैसे परत मिळणारा दरच घ्यावा, तो थोडा महाग असला तरीही. माल्टा शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या व्यवस्थेचा पुरावा आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी हॉटेल ठरवावे लागत असल्यामुळे परतावा न मिळणाऱ्या स्वस्त दराच्या मोहात पडू नये.

परतल्यावर आपण लिहावे

नागपूरच्या दुसऱ्या कुटुंबाला उपयोगी पडेल असा अभिप्राय आज फारसा सापडत नाही, कारण आपण वाचतो पुष्कळ आणि लिहीत मात्र नाही. परतल्यावर आठवडाभरात लिहावे, त्यानंतर तपशील पुसट होतात. महिना, माणसांची वये, खोलीचा प्रकार आणि मजला सुरुवातीलाच द्यावा. नाश्त्यात रोज काय शाकाहारी मिळाले, हे पदार्थांच्या नावांसह लिहावे. बाथरूमचे, खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे आणि हॉटेलसमोरच्या रस्त्याच्या चढाचे छायाचित्र जोडावे. ही तीन छायाचित्रे हॉटेल स्वतः सहसा देत नाही. इंग्रजीत लिहिले तर हॉटेलही वाचेल, मराठीत लिहिले तर आपली माणसे वाचतील. शक्य असेल, तर इंग्रजी मजकुराखालीच मराठीही लिहावे. अनेक संकेतस्थळे देवनागरी मजकूर स्वीकारतात. आणि एखादी गोष्ट नकोशी वाटली असेल, तर ती कोणाला चालेल हेही सोबत लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचे गुण देता येतील.